फाइलवरची वेळ कोणाच्या घड्याळातली?

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल. संगणकातल्या प्रत्येक फाइलवर एक तारीख आणि वेळ असते. ती कशी लिहिली जाते आणि तिच्यावर कितपत विसंबायचं, एवढंच आपल्याला बघायचं आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रश्न ओळखीचा आहे. भारतात १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं जुनी मुंबई वेळ चालू राहिली आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. तेव्हा १९१० सालच्या मुंबईतल्या एखाद्या कागदावर ‘सकाळी दहा वाजता’ असं सापडलं, की आपण आधी विचारतो: दहा कोणत्या घड्याळातले? फाइललाही हेच विचारायचं असतं.

या प्रश्नाला संगणकाच्या इतिहासात दोन घराण्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

पहिलं घराणं युनिक्सचं, बेल लॅब्जमधलं. १९७१ च्या त्यांच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत वेळ १ जानेवारी १९७१ पासून मोजलेली आहे, आणि तीही सेकंदाच्या साठाव्या भागात. ३२ बिटांच्या संख्येत हा हिशेब जेमतेम सव्वादोन वर्षं पुरला असता. म्हणून पुढे पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं आणि आरंभबिंदू १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र, हा कायम झाला. फाइलसोबत जातो तो फक्त सेकंदांचा आकडा. पुण्यात असो की शिकागोत, आकडा तोच. स्थानिक वेळ दाखवताना काढायची. एखाद्या फाइलवर १ जानेवारी १९७०, सकाळचे साडेपाच अशी विचित्र वेळ तुम्ही पाहिली असेल. तिथे आकडा शून्य आहे, आणि भारतीय घड्याळाने तो साडेपाच दाखवला, इतकंच.

दुसरं घराणं डॉसचं. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. मशीन सुरू केलं की ते तारीख आणि वेळ विचारायचं, आणि आपण मनगटावर बघून ती टाइप करायची. डॉसच्या फॅट पद्धतीत तारखेला १६ बिट आणि वेळेला १६ बिट मिळाले. वर्षं १९८० पासून मोजायची, सेकंद दोन-दोनच्या टप्प्याने. ही वेळ कुठली, हे लिहायला जागाच ठेवली नाही. एक टेबल, एक माणूस, एक फ्लॉपी. तेव्हा कुणाला ती उणीव जाणवलीही नसेल.

१९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत एनटीएफएस आली. तिने १ जानेवारी १६०१ पासूनचा हिशेब धरला, सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत, आणि तो जागतिक वेळेत. म्हणजे मायक्रोसॉफ्टही पहिल्या घराण्याच्या वाटेला आलं. पण फॅट गेली नाही. ती पेन ड्राइव्हवर आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर राहिली, आणि झिप फाइलींनीही डॉसचीच वेळ उचलली.

आता यातून काय होतं बघा. समजा, एक बहीण पुण्यात आणि भाऊ न्यूयॉर्कला. दोघं मिळून आजोबांच्या आठवणी लिहून काढताहेत. मे महिन्यात एके दिवशी बहिणीने संध्याकाळी सहाला मजकूर पूर्ण केला आणि झिप करून पाठवला. तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ. भावाने अकरापर्यंत दुरुस्त्या करून नव्या फोल्डरात ठेवल्या. झिपमध्ये नुसती डॉसची वेळ असेल, तर त्याच्या संगणकावर बहिणीची फाइल संध्याकाळी सहाची दिसते आणि त्याची स्वतःची सकाळी अकराची. ‘नवी ती ठेव’ असं सांगितलेला प्रोग्राम दुरुस्त्या पुसून जुना मजकूर ठेवतो. चूक कुणाचीच नाही. दोन्ही घड्याळं बरोबर होती.

अमेरिकेत आणि युरोपात वर्षातून दोनदा घड्याळं तासभर हलवतात, तेव्हा याचीच दुसरी आवृत्ती निघते. एनटीएफएसवरची फाइल आणि फॅटवरची तिची प्रत यांत अचानक एक तासाचा फरक पडतो, आणि बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला सगळंच बदललेलं वाटतं. आपल्याकडे ही प्रथा नाही, म्हणून आपण त्यातून सुटलो.

पुढे दुरुस्ती झाली. २००६ च्या एक्सफॅटमध्ये स्थानिक वेळेसोबत जागतिक वेळेपासूनचा फरकही लिहिता येतो, पंधरा-पंधरा मिनिटांच्या मापात: भारतासाठी २२, नेपाळसाठी २३. फोटोंमधल्या नोंदीच्या एक्झिफ प्रमाणात अशी जागा २०१६ मध्ये झाली. त्याआधीचे असंख्य फोटो मात्र ‘दहा वाजले’ एवढंच सांगतात.

घरातली जुनी कार्डं आणि पेन ड्राइव्ह आता कागदपत्रांच्या जागी आहेत. त्यांच्या प्रती काढाल तेव्हा सोबत एक ओळ लिहून ठेवा: हे यंत्र कुठे होतं आणि त्याचं घड्याळ कुठल्या गावाचं होतं. १९१० च्या त्या कागदावर कुणी एवढंच लिहिलं असतं, तर ३९ मिनिटांचा प्रश्न आपल्याला पडलाच नसता.