आहारशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदवीची कुळकथा

अमेरिकेतल्या रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात खाटेपाशी येऊन ‘जेवण जातंय का, गिळताना त्रास होतो का, वजन किती उतरलं’ अशी विचारपूस करणारी व्यक्ती कित्येकदा डॉक्टर नसते, नर्स नसते आणि पूर्ण आहारतज्ज्ञही नसते. ती असते डाएटेटिक टेक्निशियन. शाळा संपल्यावर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून मिळवलेली असोसिएट पदवी, त्याच काळात रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आणि वॉर्डात देखरेखीखाली केलेलं शेकडो तासांचं काम आणि शेवटी नोंदणीची परीक्षा, एवढ्या तयारीवर ती तिथे उभी असते. आपल्याकडे या पदवीचं नावही सहसा कानावर येत नाही. तिचं कूळ मात्र जुनं आहे आणि ते शोधत गेलं की आपण क्रिमियाच्या युद्धातल्या एका भटारखान्यात पोचतो.

१८५४च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून दाखल झाली. ही जागा आज इस्तंबूल शहरात आहे. तिथल्या स्वयंपाकघरात वॉर्डावॉर्डाच्या वाट्याचं मांस एकाच मोठ्या हंड्यात उकळत असे. आपला तुकडा ओळखता यावा म्हणून शिपाई त्याला लाल चिंधी, बटणांची माळ, अगदी कात्रीसुद्धा बांधून ठेवत. कुणाच्या ताटात शिजून गाळ झालेलं मांस पडे, कुणाच्या ताटात कच्चं. पुढच्या वर्षी लंडनच्या रिफॉर्म क्लबमध्ये नाव कमावलेला आचारी अलेक्सिस स्वॉये स्वखर्चाने तिथे गेला. त्याने पदार्थांची मापं ठरवली, शिपायांना शिजवायला शिकवलं आणि थोड्या सरपणात चालणारी शेगडी लष्कराला करून दिली.

नाइटिंगेलची नजर मात्र हंड्यापाशी थांबली नाही, ती ताटापर्यंत गेली. १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये तिने बजावलं की अन्नाला तोटा नसतानाही हजारो आजारी माणसं उपाशी राहतात, कारण ते अन्न त्यांच्या पोटात जाईल कसं, हे कुणी पाहत नाही. त्या काळी शक्तिवर्धक समजल्या जाणाऱ्या बीफ टीचाही तिने हिशेब मांडला: अर्धा पाइंट पाण्यात सत्त्व जेमतेम चमचाभर. माझ्या मते आहारशास्त्राचा रुग्णालयातला खरा आरंभ इथे आहे. कॅलरी मोजणं नंतर आलं. रोग्याने किती खाल्लं आणि का टाकलं, हे पाहणं आधी आलं.

अमेरिकेत हीच वाट यादवी युद्धात रुळली. आयोवा राज्यातल्या ॲनी विटेनमायर यांनी १८६४पासून लष्करी इस्पितळांत खास पथ्याची स्वयंपाकघरं उभी केली. सर्जनच्या सूचनेनुसार प्रत्येक अत्यवस्थ सैनिकाचं जेवण तिथे वेगळं शिजे. युद्ध संपेपर्यंत अशी शंभराहून अधिक स्वयंपाकघरं झाली. मग विल्बर ॲटवॉटर यांनी अन्नाचं रसायन मांडलं. अमेरिकी खाद्यपदार्थांच्या घटकांचे त्यांचे तक्ते १८९६ साली छापून आले आणि स्वयंपाकघरातल्या बाईच्या हाती आकडे आले. मधुमेहाच्या उपचारात त्या आकड्यांचं मोल कळलं. इन्शुलिन येण्याआधी रोग्याचा जीव तोलून दिलेल्या घासांवर टिकून असे. ते तोलणारा माणूस शिकलेलाच हवा होता.

१९१७ साली, पहिल्या महायुद्धात अन्नाची काटकसर चालू असताना, लेना कूपर आणि लुलू ग्रेव्हज यांनी क्लीव्हलँडमध्ये आहारतज्ज्ञांची सभा बोलावली आणि अमेरिकन डाएटेटिक असोसिएशन जन्मली. कूपर तेव्हा मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात काम करत. तिथल्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांच्या आरोग्यधामाशी त्यांचा जवळचा संबंध होता. हे गाव लक्षात ठेवा.

दोन वर्षांच्या पदवीचं कूळ निराळं. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम हार्पर यांना वाटे की पदवीची पहिली दोन वर्षं स्वतंत्रपणेही पूर्ण करता यावीत. त्यांच्या विद्यापीठाने १९००मध्ये असोसिएट पदवी दिली आणि १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात सरकारी ज्युनियर कॉलेज सुरू झालं. १९४७मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची कल्पना देशभर उचलून धरली. १९६०पासून या कॉलेजांचं नेतृत्व करणारी माणसं घडवायला पैसा पुरवला तो केलॉग फाउंडेशनने. हे फाउंडेशन बॅटल क्रीकचंच, डॉ. केलॉग यांच्या धाकट्या भावाने स्थापन केलेलं. पथ्याचं ताट आणि दोन वर्षांची पदवी या दोन घराण्यांचे धागे असे एकाच गावातून गेले आहेत.

दोन्हींची गाठ पडली ती गरजेपोटी. १९६५मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना आल्या. वृद्धांना आणि गरिबांना रुग्णालयाचं, शुश्रूषागृहाचं दार उघडलं आणि तिथल्या जेवणावर जाणत्या माणसाची देखरेख सक्तीची झाली. १९६९पासून नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही पदवीधरांची जागा ठरली होती, पण एवढ्या खाटांना पुरतील इतके आहारतज्ज्ञ आणायचे कुठून? तेव्हा कम्युनिटी कॉलेजांनी टेक्निशियन घडवायला सुरुवात केली. प्राथमिक तपासणी, ताटातल्या उरलेल्या अन्नाची नोंद, मऊ आणि कमी मिठाच्या जेवणाची आखणी, स्वयंपाकघरातली स्वच्छता ही कामं त्यांच्याकडे आली.

१ जानेवारी २०२४पासून अमेरिकेत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसायचं तर पदव्युत्तर पदवी लागते. शास्त्र वाढलं, तसा अभ्यास वाढणारच. पण शिक्षणाचा खर्च पाहता गरीब घरातल्या, नोकरी करून शिकणाऱ्या किंवा नव्याने त्या देशात आलेल्या माणसाला हा जिना चढणं कठीण झालं आहे. नाइटिंगेलने सांगितलेलं काम, म्हणजे रोग्याजवळ बसून त्याच्या पोटात काय गेलं हे पाहणं, आज दोन वर्षं शिकलेली माणसंही करतात. त्यांना कमी लेखू नये आणि ही पदवी टिकवावी, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरातलं कुणी अमेरिकेत राहून ही वाट धरणार असेल तर त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. कॉलेजचा टेक्निशियन अभ्यासक्रम ‘एसेंड’ या मान्यता देणाऱ्या मंडळाच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधीच पाहायचं. ती मान्यता नसेल तर नुसत्या असोसिएट पदवीवर नोंदणीच्या परीक्षेला बसता येत नाही.