कारणाचा रकाना

जून-जुलैत अमरावती-अकोल्याकडच्या तहसील कार्यालयांत जुन्या नोंदींच्या खिडकीसमोर रांग लागते. बारावी झालेली पोरं, सोबत बाप नाहीतर काका, हातात प्लॅस्टिकची फाइल. जात पडताळणीसाठी पणजोबांचा पुरावा हवा असतो आणि वऱ्हाडात तो हमखास सापडायची जागा म्हणजे कोतवाल बुक. नक्कल हाती आली की घरची माणसं आधी नाव शोधतात, मग जातीच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. मृत्यूची नोंद असेल तर त्याच ओळीत आणखी एक रकाना असतो, कारणाचा. तिथे बहुतेकदा एकच शब्द असतो: ताप.

सार्वजनिक आरोग्य हा विषय महाविद्यालयात शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या पोरापोरींनी या शब्दापाशी घटकाभर थांबावं, असं मला फार वाटतं. ज्या शास्त्राची पदवी त्यांना घ्यायची आहे, त्याचं वऱ्हाडातलं पहिलं पान त्यांच्याच फाइलमध्ये आहे. ही वही जात सिद्ध करायला कुणी सुरू केली नव्हती. गावात कोण जन्मलं, कोण मेलं आणि कशानं मेलं, हे सरकारला कळावं म्हणून ती होती.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. पुढे इथे सॅनिटरी कमिशनर नेमला गेला, त्याचे वार्षिक अहवाल छापले जाऊ लागले. त्या अहवालांतल्या आकड्यांचा उगम होता गावचा कोतवाल. त्याने घरोघरची खबर आणायची, लिहिता येणाऱ्याने ती लिहायची, मग ती ठाण्यावर आणि तिथून वर जायची. लंडनमध्ये विल्यम फार 1839 पासून मृत्यूच्या कारणांची वर्गवारी करत होता, आणि रोगराईशी लढायचं तर आधी मोजायला हवं हा विचार तिथून जगभर गेला. पण फारच्या हाताशी मृत्यूचं कारण सांगू शकणारे डॉक्टर होते. इथे कोतवालाने जे ऐकलं तेच कारण. पटकी, देवी, प्लेग, हगवण हे रोग डोळ्यांना दिसत, म्हणून ओळखू येत. बाकी सगळं तापात. हिवताप तापात, विषमज्वर तापात, बाळंतिणीचा जंतुदोषही तापातच. कोतवालाला दोष द्यायचं कारण नाही. मरणाऱ्याचं अंग तापलेलं होतं, हे त्याने खरंच सांगितलं होतं.

1918 च्या पावसाळ्यानंतर मानमोडीची साथ आली. ब्रिटिश हिंदुस्थानात तिने ज्या प्रांतांची सर्वाधिक हानी केली, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. आज आपण तिला इन्फ्लुएन्झा म्हणतो, पण त्या वर्षीच्या नोंदींत तिचे असंख्य बळी तापाच्याच रकान्यात गेले. पुढे अभ्यासकांनी बळींचा अंदाज बांधला तो आधीच्या वर्षांच्या तापाची त्या वर्षीच्या तापाशी तुलना करून. म्हणजे कोतवालाची ती ढोबळ नोंदसुद्धा कामी आली. नोंदच नसती, तर ते लोक मेले होते हेही कुणाला कळलं नसतं.

हा मागोवा नुसत्या वहीचा नाही. वही वरून आली. खालून, आपल्या मातीतून, आणखी एक गोष्ट उगवली, ती म्हणजे खराटा. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 1876 मध्ये अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात झाला. पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गावात पाय ठेवल्याबरोबर ते आधी गाव झाडत, गटारं उपसत, आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारत. कर्ज काढून सण का करता, दारू का पिता, पोराला शाळेत का घालत नाही? आरोग्याचे सामाजिक घटक नावाचं प्रकरण आज पाठ्यपुस्तकात असतं, त्यातला मजकूर बाबा वऱ्हाडी बोलीत लोकांकडूनच वदवून घेत होते. रोगाचं कारण देवाच्या कोपात शोधणाऱ्या समाजाला ते उकिरड्यापाशी आणि सावकाराच्या वहीपाशी नेऊन उभं करत. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला. 1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.

अमरावतीलाच शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभं केलं. त्या काळी कुष्ठरोगाचं कारण लोकांच्या मनात ठरलेलं होतं: मागच्या जन्मीचं पाप. वास्तविक नॉर्वेच्या हॅन्सेनने त्याचा जंतू 1873 मध्येच शोधला होता. शोध लागणं आणि तो शोध गावाच्या वेशीच्या आत शिरणं यांत किती वर्षं जातात, आणि ती वर्षं कमी करायला किती माणसं खपावी लागतात, ते तपोवनाकडे पाहिलं की कळतं.

विषय म्हणून हे शिकवायची सोय मात्र उशिरा आणि लांब झाली. कलकत्त्याला 1932 मध्ये अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था निघाली. 1946 च्या भोर समितीने सामाजिक दृष्टी असलेला डॉक्टर घडवायचा आग्रह धरला, आणि त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयांत प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे, पोरांच्या भाषेत पीएसएमचे, विभाग आले. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय 1984 मध्ये आणि अकोल्याला शासकीय महाविद्यालय 2002 मध्ये सुरू झालं. या पोरांच्या हातातलं पार्क यांचं जाडजूड पुस्तक जबलपूरहून छापून येतं, तेही जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातलंच शहर.

एमबीबीएसच्या पोरांत हा विषय कधी लाडका नव्हता. शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग यांच्या जागा भरल्या की उरलेले इकडे, अशी समजूत होती. मला ती मनापासून खुपते, कारण याच विषयाकडे ठरवून वळलेला एक माणूस आपल्याकडे आहे. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरला एमबीबीएस होऊन मेळघाटातल्या बैरागडला गेले. एकटा डॉक्टर तिथे किती पुरणार, हे थोड्याच काळात उमगल्यावर ते परत शिकायला आले आणि त्यांनी एमडी केलं ते पीएसएममध्ये. प्रबंधाचा विषय होता मेळघाटातलं कुपोषण. पदवी घेऊन, डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासह, ते पुन्हा बैरागडलाच गेले. पहिल्या तपासणीला दोन रुपये, पुढच्या खेपेला एक रुपया.

तिथली बालकं न्यूमोनियाने, हगवणीने मरत. पण त्यामागे कुपोषण होतं, कुपोषणामागे रिकामी कोठी होती, आणि कोठीमागे पावसाळ्यात हाताला नसलेलं काम आणि न पिकणारं शेत. म्हणून हा एमडी डॉक्टर शेती करू लागला, बियाण्यांत, गुराढोरांत लक्ष घालू लागला. त्यांच्या डॉक्टरकीला शेतीची जोड मिळाली असं लोक म्हणतात. मला ते उलट वाटतं. शेती हाच तिथला उपचार होता, निदान बरोबर झालं होतं एवढंच. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

मेळघाटातले बालमृत्यू 1993 मध्ये राज्यभर गाजले, उच्च न्यायालयात गेले. तेव्हापासून एक वाद चालूच आहे: नोंदी खऱ्या किती? जन्मून काही तासांत गेलेलं मूल 'उपजत मृत' लिहिलं गेलं, तर बालमृत्यूचा आकडा आपोआप खाली येतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून गडचिरोलीला परतले, 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था काढली आणि पहिली गोष्ट केली ती घरोघर जाऊन मोजण्याची. त्यांच्या पुढाकाराने 2001 मध्ये आलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यात बालमृत्यू किती कमी नोंदले जातात, ते दाखवून दिलं. गावच्याच बाईने घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची त्यांची पद्धत 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारते, त्यामागे ती आहे.

मग शिकायचं कुठे आणि पुढे करायचं काय, हे घराघरांत विचारलं जातं. डॉक्टर असाल तर याच विषयात एमडी, आणि पुढे तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, साथरोग सर्वेक्षण, हिवताप विभाग. डॉक्टर नसलात तरी दार बंद नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, नर्सिंग, समाजकार्य, संख्याशास्त्र, अगदी कला शाखेतूनही मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीकडे, म्हणजे एमपीएचकडे मुलं जातात. बीएएमएस आणि नर्सिंगवाले समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर बसतात. स्वच्छता निरीक्षकाची पदविका घेऊन नगरपालिकेत लागता येतं. बालकांच्या पोषणावर काम करणाऱ्या संस्था आहेत, संशोधन प्रकल्प आहेत. यातल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा ऑर्डर, असा जीव टांगणीला लावून वर्षानुवर्षं काम करणारी गुणी माणसं मी पाहिली आहेत. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पोरांची फसवणूक होईल.

पण कामाला तोटा नाही, वऱ्हाडात तर नाहीच. पूर्णेच्या काठाने अमरावती, अकोला, बुलडाणा असा खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. किडनीच्या आजारांची तक्रार तिथली गावं कित्येक वर्षं करत आहेत. ते दुखणं नेमकं पाण्यातल्या कशाने, की आणखी कशाने, हे गावागणिक, विहिरीगणिक शोधायला चिकाटीची माणसं लागतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमावं लागलं. 'विषबाधा' एवढंच लिहून भागत नाही. आपल्या भागात तो शब्द औषध प्यालेल्यासाठीही लिहितात आणि औषध फवारणाऱ्यासाठीही. दोघांच्या मरणाची वाट वेगळी, ती अडवायचे उपायही वेगळे.

22 फेब्रुवारी 2021 च्या रात्री अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले. राज्यातली करोनाची दुसरी लाट आधी इथे दिसली होती. त्या दिवसांत नमुन्यांची तपासणी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही चालू होती. दारावर गाडगेबाबांचं नाव, आत सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आपल्याच गावांकडची पोरं-पोरी. बाहेर त्या अहवालांवरून आशाताई आणि आरोग्यसेवक दारोदार फिरत होते.

कोतवाल बुकातल्या त्या एका शब्दाच्या जागी आता पानंच्या पानं आली आहेत. बालमृत्यू किंवा मातामृत्यू झाला की अन्वेषण करावं लागतं. आजार ओळखायला उशीर झाला का, दवाखान्यात पोचायला उशीर झाला का, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर झाला का, हे घरी बसून, माणसांच्या कलाने विचारत जायचं असतं. मेळघाटात दुसऱ्या प्रश्नाशी पेन अडतं. पूर आलेला नाला, न आलेली गाडी, रात्रीचा घाट. बैरागडला एकदा बांधकाम मंत्री आले होते. कोल्ह्यांचं मातीचं घर बघून त्यांनी नवं बांधून द्यायची तयारी दाखवली. स्मिताताईंनी घर घेतलं नाही, रस्ते मागितले.