न झालेले वादळ आणि विसरलेली वादळे

६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ आदळले आणि लाखभर माणसे दगावली, हे विधान मी अनेक याद्यांत वाचले होते. पनवेलच्या एका व्याख्यानात मीही ते ठोकून दिले. घरी आल्यावर मात्र शंका आली. १८८१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. म्हणजे दर आठांतला एक माणूस गेला, आणि त्याचा कुठे मागमूस नाही? कुलाब्याची वेधशाळा तर १८२६ पासून उभी होती. पुढे कळले की, हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी साधने धुंडाळून हे वादळ काल्पनिकच ठरवले आहे.

खरी वादळे मात्र आपण विसरलो. नोव्हेंबर १८५४ आणि नोव्हेंबर १९४८ची वादळे मुंबईने सोसली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले. मोठी वादळे बहुधा पावसाळ्याच्या आगेमागे येतात, एवढे तरी या तारखा सांगतात.

पूर्वसूचनेची व्यवस्थाही जुनी आहे. १८६४च्या वादळात कलकत्ता उद्ध्वस्त झाले, तेव्हा १८६५ साली तिथल्या बंदरासाठी इशारे सुरू झाले. १८८० मध्ये ती सोय मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले अशा पश्चिमेकडील बंदरांपर्यंत पोचली. बंदरावर बावटा चढला की होड्या समुद्रात लोटायच्या नाहीत, हे कोळ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. इशारा दोन दिवस आधीच आला होता, लोकांना हलवलेही होते. तरी श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. इशाऱ्याने माणूस वाचतो. घर आणि बाग वाचवायला आधीची तयारी लागते.

पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. आज भराव, इमारती आणि विमानतळ यांनी खाडीचा काठ बदलला आहे. वादळ भरतीच्या वेळी आले, तर पाणी कुठवर चढेल? याचे उत्तर नकाशाइतकेच जुन्या माणसांच्या आठवणीतही आहे. कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीला लागले, हे त्यांना विचारून प्रत्येक गावाने तारखेसह लिहून ठेवावे. तसे केले नाही, तर पुढच्या संशोधकाच्या हाती पुन्हा १८८२सारखी कहाणीच लागेल.