संगणकांची वाटणी कोणी करायची?

ग्रीक भाषेत ‘कुबेर्नेतेस’ म्हणजे जहाजाचे सुकाणू धरणारा, आपला कर्णधार. ‘सायबरनेटिक्स’ हा शब्दही त्याच मुळातून आलेला आहे. 2014 साली गूगलने अनेक संगणकांवरील कामाचे नियोजन करणारी एक आज्ञावली सर्वांसाठी खुली केली आणि तिला हेच नाव दिले, कुबर्नेटिस. त्याच वर्षी ही आज्ञावली ‘मेसॉस’ नावाच्या आधीच्या एका व्यवस्थेवर बसवण्याचा उद्योग सुरू झाला. तो टिकला नाही. का टिकला नाही, हे समजून घ्यायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. शाळेचे वेळापत्रक ज्याने एकदा तरी बसवले आहे, त्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

मेसॉसचा जन्म 2009 मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात झाला. बेंजामिन हिंडमन, मातेई झहारिया आदी संशोधक विद्यार्थ्यांपुढे अडचण होती ती अशी. एका संस्थेकडे शेकडो संगणकांचा समूह असतो. त्यातले काही एका गटाला, काही दुसऱ्या गटाला कायमचे तोडून दिले, तर एकाचे संगणक रिकामे बसतात आणि दुसऱ्याचे काम खोळंबते. त्यावर मेसॉसचा तोडगा मोठा नम्र होता. कोणते काम कोठे चालवायचे हे तो ठरवतच नसे. तो फक्त विचारी, “अमुक संगणकावर दोन प्रोसेसर आणि चार गिगाबाइट मेमरी मोकळी आहे, हवी का?” वर बसलेली आज्ञावली हो म्हणे किंवा नाही म्हणे. प्रयोगशाळा गुरुवारी तिसऱ्या तासाला मोकळी आहे असे शिपायाने प्रत्येक शिक्षकाला विचारत फिरावे, तसे हे.

प्रथम कोणाला विचारायचे, यासाठी बर्कलेच्या मंडळींनी 2011 मध्ये एक सुंदर नियम मांडला. तो वर्गात फळ्यावर सोडवता येतो. समजा 12 प्रोसेसर आणि 36 गिगाबाइट मेमरी आहे. ‘अ’च्या प्रत्येक कामाला 1 प्रोसेसर व 6 गिगाबाइट लागतात, ‘ब’च्या प्रत्येक कामाला 2 प्रोसेसर व 2 गिगाबाइट. सरळ निम्मे निम्मे वाटले, तर प्रत्येकाची तीनच कामे चालतात. त्याऐवजी, ज्याला ज्या वस्तूचा वाटा सर्वांत जास्त लागतो तो वाटा दोघांचा सारखा ठेवा. ‘अ’ला मेमरीचा दोन-तृतीयांश, म्हणजे 24 गिगाबाइट, ‘ब’ला प्रोसेसरांचा दोन-तृतीयांश, म्हणजे 8. आता दोघांची चार-चार कामे होतात! समान वाटणी आणि न्याय्य वाटणी यांतला फरक इतक्या थोड्या आकड्यांत क्वचितच दिसतो.

गूगलमध्ये मात्र वेगळ्या विचाराची परंपरा होती. तेथे ‘बोर्ग’ नावाची अंतर्गत व्यवस्था अनेक वर्षे सर्व कामे वाटत असे. प्रत्येक काम आपापल्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बंद ठेवण्यासाठी लागणारी एक महत्त्वाची सोय गूगलच्याच अभियंत्यांनी लिहिली. ती 2008 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. पुढे ‘ओमेगा’ या प्रायोगिक व्यवस्थेवरील 2013 च्या निबंधात मेसॉसच्या पद्धतीवर नेमके बोट ठेवले होते. एकाला विचारणा झाली की त्याचे उत्तर येईपर्यंत ती जागा इतरांना दिसत नाही. शिवाय नियोजन करणाऱ्याला सगळे चित्र कधीच दिसत नाही, पुढे आलेला तुकडा तेवढा दिसतो. कुबर्नेटिस याच परंपरेतले. त्याला सर्व संगणकांची सर्व अवस्था डोळ्यांपुढे हवी असते.

आणि नेमक्या या दोघांना एकावर एक बसवायचे होते. मेसॉस चालवणारी मेसोस्फिअर ही कंपनी आणि गूगल यांनी मिळून काम सुरू केले. त्यासाठी कुबर्नेटिसमधील नियोजक काढून त्या जागी मेसॉसच्या विचारणा ऐकणारा नवा नियोजक घालावा लागला. कामांच्या प्रत्येक गठ्ठ्याला किती मेमरी लागेल हे न सांगताही कुबर्नेटिसचे भागत असे. मेसॉसला आकडा सांगावाच लागे, म्हणून अंदाजी आकडे भरावे लागले. कुबर्नेटिसची मूळ आज्ञावली तर झपाट्याने बदलत होती. तिच्यातला मेंदूच बदललेली ही प्रत तिच्याबरोबर धावणार किती? 2016 मध्ये हा भाग मुख्य प्रकल्पातून बाहेर काढण्यात आला.

2017 मध्ये मेसोस्फिअरने दुसरा मार्ग घेतला. मेसॉसने संगणकांचा एक हिस्सा द्यायचा आणि त्या हिश्श्यात मूळ, न बदललेल्या कुबर्नेटिसने आपला कारभार करायचा. भांडण मिटले खरे, पण माझ्या मते मेसॉसचे प्रयोजनही तेथेच संपले. एका गटाला तोडून दिलेला हिस्सा दुसऱ्याला कामाच्या वेळी मिळत नाही, याच तक्रारीतून तर 2009 मध्ये सुरुवात झाली होती. कुबर्नेटिसला स्वतःलाच सगळा समूह सांभाळता येत असेल, तर खाली आणखी एक वाटप करणारा कशाला, हा प्रश्न लोकांनी विचारला आणि त्याला चांगले उत्तर नव्हते.

मेसॉस ज्या ट्विटरमध्ये रुजला, त्या कंपनीने 2019 मध्ये कुबर्नेटिसकडे वळत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी मेसोस्फिअरने आपले नावही बदलले. वाटणीचा तो नियम मात्र हाडूप या दुसऱ्या प्रणालीत वापरला गेला. मेसॉसवर काय काय चालवता येते हे दाखवण्यासाठी झहारियांनी ‘स्पार्क’ नावाची एक आज्ञावली लिहिली होती. प्रचंड माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी ती पुढे जगभर पसरली. 2025 मध्ये आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीतून मेसॉसवर चालण्याची सोय काढून टाकण्यात आली.