माळ, शपथ आणि सोमवारची मीटिंग

गेल्या आठवड्यात आतेबहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग आवाज खाली करून तिने विचारलं, "नानामामा जायचे ना, तसला गट आमच्या इकडे कुठे असेल का रे?" कुणासाठी ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात हा विषय असाच, आवाज खाली करून निघतो.

तिचे नानामामा म्हणजे माझे नानाकाका. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काकूला विचारूनच हे लिहितोय. ती म्हणाली, "लिही. फक्त त्यांना बिचारे म्हणू नकोस."

काका प्यायचे तेव्हा घरच्यांनी सगळे उपाय केले. देवापुढे शपथ झाली, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली, चहातून गुपचूप द्यायची पूड झाली. शेवटी आजीने त्यांना आळंदीला नेऊन माळ घातली. माळ घातली की दारू सुटते, हे आपल्याकडचं जुनं औषध, आणि ते लागू पडलेली माणसं मी पाहिली आहेत. काकांनी पाच महिने पाळली. मग एका सकाळी ती माळ देवघराच्या खिळ्याला टांगलेली दिसली. आजी त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही.

आता वाटतं, माळकऱ्याला दिंडी असते, भजनी मंडळ असतं. काकांना आम्ही माळ दिली, पण मंडळ दिलं नाही. दोन खोल्यांत एकटं ठेवलं आणि वर पहारा ठेवला.

१९९२ साली ते आजारी पडून दवाखान्यात होते. सुटताना डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर एका शाळेचं नाव आणि 'सोमवार, संध्याकाळी सात' एवढंच लिहून दिलं. ती मीटिंग होती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे एएची. काकांना सोडायला मी गेलो. शेजाऱ्यांनी विचारलं तर 'योगवर्ग' सांगायचं, असं घरात ठरलं होतं! वर्गात लहान मुलांच्या बाकांवर सात-आठ मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो.

या चिठ्ठीमागची गोष्ट मी पुढे वाचली. मे १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल तिथल्या हॉटेलात होता. धंद्याचं काम फसलेलं, खिसा रिकामा, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. तो फोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवून 'एखाद्या दारुड्याशी बोलायचंय' असं विचारत सुटला. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटं थांबेन म्हणून आलेला डॉक्टर सहा तासांच्या वर बसला.

गंमत म्हणजे त्याआधीचे काही महिने बिल अनेक पिणाऱ्यांना उपदेश करत हिंडला होता. एकही सुधारला नव्हता. त्याच्या बायकोने, लोइसने, त्याला दाखवून दिलं की निदान तू तरी प्यायला नाहीस. ॲक्रनला त्याने उपदेश केला नाही, स्वतःचीच हकीकत सांगितली. तो डॉ. बॉबला वाचवायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. डॉ. बॉब मधे एकदा घसरला, पण १० जून १९३५ हा त्याचा शेवटचा प्याला मानतात, आणि तोच एएचा जन्मदिवस.

तसं हे पहिल्यांदाच घडलं असं नाही. १८४० साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून सोडायची शपथ घेतली. त्या 'वॉशिंग्टनियन' चळवळीत लाखो लोक आले, पण ती थोड्याच वर्षांत विरून गेली, कारण ती दारूबंदीच्या राजकारणात ओढली गेली. एएने पुढे ठरवून राजकारण, बाहेरच्या देणग्या आणि आडनावं दूर ठेवली. सोडायची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. १९५१ साली लोइस आणि तिच्या मैत्रिणीने घरच्यांसाठी अल-ॲनॉन उभं केलं.

आपल्याकडे एए १९५७ च्या सुमारास आली. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती आणि हातभट्ट्या जोरात होत्या. कायद्याने दुकान बंद केलं, पण पिणाऱ्याशी बोलायला कुणी दिलं नव्हतं. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून अनिल आणि सुनंदा अवचटांचं मुक्तांगण सुरू झालं. ते एएपेक्षा वेगळं, उपचारांचं केंद्र, पण तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्यांचा हात धरतात.

काका त्या पहिल्या सोमवारनंतर दोनदा घसरले. तिसऱ्या खेपेला टिकले, ते शेवटपर्यंत. पुढेही पावसापाण्यात सोमवार चुकवत नसत. मी एकदा म्हटलं, "आता काय गरज आहे?" ते चपला घालता घालता म्हणाले, "कुणी नवीन आला आणि खोली रिकामी दिसली तर?"

बहिणीला मी एवढंच सांगितलं: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडणं धोक्याचं असतं, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. मग जवळची मीटिंग शोधू. एक गट पटला नाही तर दुसरा बघू. पहिल्या दिवशी सोडायला मी येतो.

आणि शेजाऱ्यांना या वेळी योगवर्ग सांगायचा नाही.