हाक आणि खूण : बहिऱ्या कुत्र्याच्या मोकळेपणाचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना निवृत्तीनंतर कुत्री फिरवण्याखेरीज काम उरलेलं दिसत नाही. हवं तर तसं समजा. पण ज्याला ऐकू येत नाही अशा कुत्र्याला साखळी सोडून फिरवता येतं का, हा प्रश्न किरकोळ नाही. त्याच्या उत्तरावर कित्येक पिल्लांचा जीव अवलंबून राहिला आहे, आणि त्यामागे तत्त्वज्ञानातली एक जुनी समजूत आहे.

आधी आपल्याच भाषेकडे पाहू. कुत्र्याला बोलवायचं तर आपण ‘यू यू’ करतो, अंगावर सोडायचं तर ‘छू’, हाकलायचं तर ‘हाड’. सगळा व्यवहार तोंडी! मग ज्याच्या कानात हाक शिरतच नाही तो ताब्यात कसा राहणार, आणि ताब्यात नाही त्याला मोकळं कसं सोडणार? प्रश्न सरळ वाटतो. पण त्यात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे : सांगणं म्हणजे आवाज करणं.

हे गृहीतक फार जुनं आहे. ॲरिस्टॉटलने इंद्रियांवरच्या छोट्या ग्रंथात म्हटलं की जगण्याच्या गरजांसाठी दृष्टी श्रेष्ठ, पण बुद्धीच्या वाढीला श्रवण अधिक उपयोगी. म्हणून जन्मांध माणसं जन्मतः मूकबधिर माणसांपेक्षा शहाणी असतात. का, तर शिकणं शब्दांतून होतं आणि शब्द ऐकावे लागतात. 18व्या शतकात पॅरिसमध्ये ॲबे द लेपे यांनी बधिर मुलांना हातांच्या खुणांनी शिकवून याचं उत्तर दिलं. तरीही 1880 साली मिलानच्या परिषदेत खुणा बाजूला सारून मुखानेच शिकवावं असा ठराव झाला. त्याबद्दल अधिकृत खेद व्यक्त व्हायला 2010 साल उजाडलं. बधिर माणसं आणि बहिरी कुत्री यांना आम्ही एका पंक्तीत बसवत नाही. समान आहे ती ऐकू येणाऱ्यांची चूक.

आता कुत्र्यांकडे येऊ. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी अतिशय उंच स्वराची शिट्टी केली. ती हातातल्या काठीच्या टोकाला बसवून ते प्राणिसंग्रहालयात हिंडत आणि कोणता प्राणी कान टवकारतो ते पाहत. 1883 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंदवलं की लहान कुत्र्यांना हा स्वर ऐकू येतो, मोठ्यांना येत नाही. बरोबर 100 वर्षांनी, 1983 साली, हेन्री हेफनर यांनी चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंतची कुत्री तपासली, तेव्हा उंच स्वर ऐकण्याची मर्यादा साऱ्यांची जवळपास सारखीच निघाली. प्राणी वळून पाहत नाही म्हणजे त्याला ऐकूच येत नाही, असं नसतं बरं का.

गाल्टन यांच्या त्याच ग्रंथात ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजनन हा शब्द प्रथम आला. कोणाला जन्मू द्यावं, कोणाला नाही, हा विचार माणसांच्या बाबतीत भयंकर थराला गेला. कुत्र्यांच्या जाती राखणाऱ्यांत तो आधीपासूनच होता. डाल्मेशियन घ्या. या जातीत पांढऱ्या रंगाबरोबर बहिरेपण येतं : आतल्या कानात रंगपेशी नसतील तर तिथला रक्तपुरवठा करणारा पडदा जन्मानंतर काही आठवड्यांत झिजतो. अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे 8 टक्के डाल्मेशियन दोन्ही कानांनी आणि 22 टक्के एका कानाने बहिरे आढळले. दोन्ही कानांनी बहिऱ्या पिल्लांना मारून टाकावं, अशी भूमिका जात-संघटनांनी दीर्घकाळ घेतली. कारणं कोणती, तर ती दचकून चावतात, गाडीखाली येतात, शिकत नाहीत.

हे खरं आहे का? 2014 साली फार्मर-डुगन आणि सहकाऱ्यांनी मालकांकडून माहिती गोळा केली, तीत ऐकण्या-पाहण्यात अधू असलेली कुत्री जास्त आक्रमक नव्हती. ‘शिकत नाहीत’ याला तर 1848 सालीच उत्तर होतं. हचिन्सन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने शिकारी कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात हाताच्या इशाऱ्यांवर भर आहे, कारण आवाजाने पाखरं उडतात. आणि 2016 साली नेपल्सच्या डॅनिएलो यांनी शब्द व इशारा यांची तुलना केली, तेव्हा कुत्र्यांनी इशारा अधिक मानला.

मग अडचण कुठे आहे? हाक पाठीमागून पोहोचते, खूण पोहोचत नाही. म्हणून बहिऱ्या कुत्र्याला पहिला धडा ‘ये’ हा नसतो, ‘वळून बघ’ हा असतो. ते आपणहून वळलं, नजर भिडली, की लगेच खाऊ. आधी घरात, मग कुंपणाच्या आवारात, मग दहा मीटरच्या लांब दोरीवर. अंगठा वर म्हणजे शाबास, हात छातीशी ओढला म्हणजे ये. संध्याकाळी विजेरीची उघडझाप, किंवा नुसता थरथरणारा पट्टा. विजेचा झटका देणारा मुळीच नको. झोपेतून उठवताना आधी जमिनीला किंवा अंथरुणाला धक्का द्यावा. गळ्यातल्या बिल्ल्यावर ‘ऐकू येत नाही’ असं लिहावं. म्हातारपणी उंच स्वर आधी जातात, म्हणून कान शाबूत असतानाच खुणा शिकवून ठेवाव्यात. आणि रस्त्याजवळ, किंवा वळून बघण्याची सवय पक्की नसताना, साखळी सोडायची नाही. याला अपवाद नाही.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर निघतो. द्रौपदी पडते, भाऊ पडतात; तो मागे वळून पाहत नाही. शेवटपर्यंत सोबत राहतं ते कुत्रं. त्याला कोणी हाक मारल्याचं कथेत नाही. ते पाहत पाहत मागे आलं. आपण काही धर्मराज नाही. आपल्याला वळावं लागतं, दर थोड्या पावलांनी, कारण कुत्र्याने आपल्याकडे बघावं ही अपेक्षा धरायची तर आपणही त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायला हवं. हातातला मोबाइल खिशात ठेवून फिरायला तयार असेल, त्यानेच ही जबाबदारी घ्यावी. जे पिल्लू ‘शिकणार नाही’ म्हणून मारलं गेलं, त्याच्याकडे इतका वेळ कोणी बघितलंच नव्हतं.