भिंतीआडचा कॅमेरा : हैदराबादचा जनाना स्टुडिओ

१/ साल १८९२. हैदराबादेत उंच भिंतींनी वेढलेली एक वास्तू. आत दिवसभर छायाचित्रे काढली जात, पण कॅमेऱ्यामागे पुरुष नसे. लाला दीनदयाळ यांच्या 'जनाना स्टुडिओ'ची ही कथा. 🧵

२/ आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, निजामाच्याच राज्यात होते. वेरूळ आणि दौलताबाद कॅमेऱ्यात टिपणारे दीनदयाळ (१८४४-१९०५) हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. लेण्यातल्या मूर्तीची संमती घ्यावी लागत नाही. माणसाची घ्यावी लागते.

३/ उमराव घराण्यांतील स्त्रिया पडदा पाळत. परपुरुषासमोर चेहरा उघडा करणे रूढीला मान्य नव्हते. छायाचित्र काढायचे तर कॅमेऱ्यामागचा माणूसच परका!

४/ दीनदयाळांनी रूढीशी वाद घातला नाही, व्यवस्थाच बदलली. या स्टुडिओचे काम त्यांनी केनी-लेविक या इंग्रज महिलेकडे सोपवले. मदतनीसही स्थानिक स्त्रियाच. कोणासमोर बसायचे, कोणाच्या नजरेला काय पडू द्यायचे, या मर्यादा कॅमेरा उघडण्याआधीच ठरलेल्या असत.

५/ आता याच शतकातील दुसरे चित्र पाहा. मुंबईत विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ मध्ये तेथील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसांचे गट एकीकडे टिपायचे आणि मागे दुसऱ्याच स्थळाचे दृश्य जोडायचे, ही त्याची रीत.

६/ पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. बहुतेकांच्या खाली व्यक्तीचे नाव नाही, जातीजमातीचे आहे. वस्त्र, दागिने, हातातील अवजार हे सारे 'नमुना' म्हणून नोंदले गेले. सोबतच्या मजकुरात त्या समाजांच्या स्वभावावर शेरेही मारले गेले.

७/ यंत्र एकच, पण अट घालण्याचे बळ सर्वांकडे नव्हते. सरदारघराण्यातील स्त्रीसाठी भिंत उभी राहिली. मजुराला, भटक्याला तशी भिंत कोण बांधून देणार?

८/ तरीही जनाना स्टुडिओला स्त्रीस्वातंत्र्याचे प्रतीक मानणे घाईचे ठरेल. ती मर्यादा प्रामुख्याने घराण्याच्या अब्रूची होती. आत बसलेल्या स्त्रीची स्वतःची इच्छा तीत किती होती, हा वेगळा प्रश्न. शिवाय काचेच्या एका निगेटिव्हवरून कितीही प्रती निघत. भिंत कॅमेऱ्यामागची नजर अडवी. बाहेर गेलेल्या प्रतीवर तिचा इलाज नव्हता.

९/ हा भेद भारतीय फौजदारी कायद्यात स्पष्टपणे लिहिला गेला तो २०१३ च्या दुरुस्तीने. खाजगी क्षणाचे चित्र काढू देण्यास स्त्रीची संमती असली, पण ते इतरांना दाखवण्यास नसली, तर त्याचा प्रसार हा गुन्हा ठरतो. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हीच तरतूद आहे.

१०/ मॉडेल आणि छायाचित्रकार आज शूटआधी जे ठरवतात (पोशाख कोणता, सेटवर कोण असेल, चित्रे कुठे वापरली जातील) त्यातले पहिले दोन प्रश्न १८९२ च्या त्या भिंतींनी सोडवले होते. तिसऱ्याला कायद्यात उत्तर मिळायला आणखी १२१ वर्षे लागली.